ब्लांशिमोंच्या आधीचे दोनशे मीटर

पाववाल्याची पांढरी गाडी मागून आली तेव्हा आर्मां कोलार कसलाही विचार करत नव्हता. सोमवारची सकाळ होती, म्यूज नदीवर धुकं होतं, आणि लिएजमधली माणसं अर्धवट झोपेतच कामावर निघाली होती. नदीकाठच्या अरुंद रस्त्यावर आरशात दोन दिवे दिसले, विझले, पुन्हा पेटले. एवढंच. आर्मांचे हात उजवीकडे गेले. गाडीचं चाक फुटपाथवर चढलं, फुलवालीची बादली आडवी झाली, डेलियाची फुलं पाण्यासकट रस्त्यावर पसरली, आणि मागे ब्रेक किंचाळले. पाववाल्याच्या गाडीचं नाक त्याच्या दारापासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं होतं. आत कुठेतरी पावांचे क्रेट कोसळल्याचा मऊ, लांबलेला आवाज झाला. पाववाला खाली उतरला. जाडजूड, पिठाचा एप्रन घातलेला माणूस. तो रागावलेला नव्हता, आणि आर्मांला तेच जास्त लागलं.

"अहो साहेब, मला उजवीकडेच वळायचं होतं. ही काय गल्ली," तो म्हणाला.

आर्मां म्हणाला की दिवे दाखवलेत, मला वाटलं तुम्हाला पुढे जायचंय, म्हणून बाजूला झालो.

"पण तुम्हाला सांगितलं कुणी बाजूला व्हायला? दिवे मी या फुलवालीला दाखवले, आमचा रोजचा नमस्कार असतो तो. तुम्ही आपले सरळ गेला असतात, तर कुणाचं काही बिघडलं नसतं."

फुलवाली वाकून डेलिया गोळा करत होती. आर्मांने उतरून मदत करायला हवी होती; एरवी तो सगळ्यात आधी उतरला असता. पण तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसून राहिला आणि त्या हातांकडे पाहत राहिला. ते गेले होते. त्याला विचारलंही नव्हतं. दिवे दिसणं आणि हात जाणं यांच्यामध्ये तो स्वतः कुठेच नव्हता. हे कळताच नदीवरचं धुकं काचेपाशी आल्यासारखं वाटलं.

आर्मां कोलार एकोणसाठ वर्षांचा दंतवैद्य होता. वर्षातले सहा शनिवार-रविवार मात्र तो शर्यतीची गाडी चालवायचा, गेली अकरा वर्षं. ज्या शर्यतीत तो होता तिच्यात तीन वर्गांच्या गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, चार तास धावतात. वरच्या वर्गातल्या गाड्या बुटक्या, जमिनीला चिकटलेल्या आणि भयंकर वेगवान. खालच्या वर्गातल्या रस्त्यावरच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या, जड, आणि त्यामानाने सावकाश. आर्मां खालच्या वर्गात होता. त्या वर्गाचा नियमच असा की तीन चालकांतला एक हौशी असला पाहिजे, आणि शर्यतीची सुरुवात बहुतेक त्या हौशी माणसानेच करायची. म्हणजे आर्मांने. त्यामुळे शर्यत म्हणजे त्याच्या लेखी आरसा. पुढचा रस्ता पाठ असायचा, डोळे मागे. पांढरे दिवे ठिपक्याएवढे दिसायचे, मग आरसाभर व्हायचे, मग गाडी थरथरायची आणि ते निघून गेलेले असायचे. या गर्दीत माणसं एकमेकांवर आदळत नाहीत ती एकाच नियमामुळे: वाट मागच्याने काढायची, पुढच्याने आपली लाइन, म्हणजे धरलेला मार्ग, सोडायची नाही. कुणाची भीड बाळगायची नाही. त्याच्या संघाची इंजिनिअर ऑर्नेला, बोलोन्याची बारीक चणीची बाई, दर शर्यतीआधी त्याच्या कानातल्या यंत्रात हेच बजावायची. "डॉक्टर, उपकार करायचे नाहीत कुणावर. सरळ जायचं." तो हसून हो म्हणायचा. अकरा वर्षं हो म्हणायचा.

तीन आठवड्यांपूर्वी, स्पाच्या शर्यतीच्या दिवशी, पाऊस पडून गेला होता. आर्देनच्या त्या जंगलात पाऊस थांबला तरी झाडं तासभर पाणी गाळत राहतात, रस्ता मध्ये सुकतो आणि कडेला काळा राहतो. ब्लांशिमों हे तिथलं डावं वळण, फार वेगाचं. त्याच्या आधी सगळे उजवीकडे असतात, कारण तिथूनच ते वळण नीट घेता येतं. आर्मांही उजवीकडे होता. आरशात दिवे आले. पुढचं त्याला आठवायचं ते असं: एक निळी सावली डावीकडे, एक धक्का, ढकलाढकलीत लागावा तेवढाच, आणि मग आरशात ती निळी गाडी गिरक्या घेत टायरांच्या भिंतीकडे जाताना. गिरक्या फार संथ वाटल्या होत्या. तिच्यातला माणूस योरिट टुनिसन होता, मास्त्रिख्तचा, चौतीस वर्षांचा. खालच्या वर्गातल्या गाड्यांमध्ये बारा वर्षं काढल्यावर या मोसमात त्याला पहिल्यांदा वेगवान गाडी मिळाली होती. त्याचा घोटा तीन जागी मोडला. संध्याकाळी पंचांनी आर्मांला बोलावलं. योरिट इस्पितळात होता, त्यामुळे खोलीत आर्मां एकटा, तीन पंच आणि शिळ्या कॉफीचा वास. आर्मां म्हणाला, मी लाइन सोडली नाही. पंचांनी त्याच्या गाडीतलं चित्रीकरण पाहिलं, काचेवर पाणी होतं, काही ठरत नव्हतं. त्यांनी आणखी काही मागितलं नाही. मागून येणाऱ्याने वाट काढायची असते, त्याने काढली नाही, दोष योरिटचा. तो निकाल लागल्यावर आठ दिवसांत योरिटच्या संघाने दुसरा चालक शोधायला घेतला.

आणि आर्मां खोटं बोलला नव्हता. ही गोष्ट तो आता, क्लिनिकमध्ये, पहिल्या पेशंटच्या उघड्या तोंडावर वाकून स्वतःला सांगत होता. तो जे बोलला ते त्याला खरं वाटत होतं, आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत. पेशंट म्हणजे शाळेतली एक निवृत्त बाई, छताकडे डोळे लावून पडलेली. त्याचे हात तिच्या तोंडात होते आणि छोटा आरसा हव्या त्या दाढेमागे आपोआप जात होता. हात सगळं जाणतात, आपण मागून येऊन सही करतो, असं त्याच्या मनात आलं आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही. खिडकीतून ऑक्टोबरच्या जत्रेचे तंबू ठोकल्याचे आवाज येत होते, आणि गरम पाकाचा वास, लाकमां नावाच्या पातळ गोड वॉफलच्या गाडीवरचा, संत्र्याच्या फुलांचा वास असलेला. त्या वासात सगळा मोसम एकात एक मिसळत गेला. बार्सिलोनाची एप्रिलमधली धूळ, दाताखाली करकरणारी. ल कास्तेलेचे निळे-लाल पट्टे, इतके की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तेच. इमोलाला नदीकाठच्या झाडांना आलेला मोहर, आणि वेगाच्या भरातही हेल्मेटच्या आत कसा कोण जाणे शिरलेला त्याचा गोडसर वास. आणि प्रत्येक ठिकाणी दिवे, डावीकडून, उजवीकडून, त्याला ओलांडून पुढे जाणारे. पुढे गेल्यावर कधी कधी त्यांतला एखादा चालक क्षणभर हात वर करायचा. धन्यवाद म्हणून. आर्मांला तो हात फार आवडायचा. दोनशे किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाने वेळात वेळ काढून आपल्याला ओळख दिली, याचं त्याला दिवसभर सुख वाटायचं. त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, पण पदकं-बिदकं सोडा, तो शर्यतीला जायचा तो त्या हातासाठी. मग किती वेळा, त्याला आता वाटलं, किती वेळा मी तो हात मिळवायला सरकलो असेन? शाळेतली बाई घशातून काहीतरी म्हणाली. त्याने दचकून तिला चूळ भरायला सांगितलं.

दुपारी ऑर्नेलाचा फोन आला. मोसमातल्या शेवटच्या शर्यतीचा, पोर्तिमाओचा. विमान, हॉटेल, हवामान. ती बोलत असताना मध्येच त्याने विचारलं की स्पाच्या शर्यतीत आपल्या गाडीचं चाक किती वळलं, ते सगळं तुझ्याकडे नोंदलेलं असतं ना?

"तो आलेख मी त्याच संध्याकाळी पाहिलाय, डॉक्टर."

"मग?"

"पाऊण मीटर. डावीकडे. वळणाच्या आधी दोनशे मीटरवर."

बोलली का नाहीस, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत, पंचांनी मागितलं नाही, आणि मी पगार या संघाचा घेते. आवाजात लाज नव्हती, पण थकवा होता. मग तिने न विचारता बाकीचं सांगून टाकलं. मोसम संपायच्या आत तुम्ही लेखी दिलंत तर निकाल बदलेल. पण मग तुमचा परवाना मोसमापुरता जाईल, म्हणजे पोर्तिमाओ नाही. आणि पुढच्या वर्षी आपल्या गाडीत दुसरा हौशी घेतलाय, ते तुम्हाला माहीत आहे. योरिटच्या जागेवर शुक्रवारी दुसऱ्याची सही होणार आहे. त्यानंतर लिहून काही उपयोग नाही.

"म्हणजे स्पा ही माझी शेवटची शर्यत ठरेल," आर्मां म्हणाला.

"किंवा त्याची," ऑर्नेला म्हणाली.

घरी मारीझने बुले, म्हणजे खिम्याचे गोळे, केले होते, नेहमीच्या दाट, गोडसर रश्शातले, शेजारी तळलेले बटाटे. त्याची बायको चवीने जेवणारी बाई. जेवताना तिला कामाचं बोलणं चालत नसे. तरी त्याने सांगितलं. पाववाला, डेलिया, आलेख, पाऊण मीटर, सगळं. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपण ती गोष्ट थोडी मजेदार करून सांगतोय, ती हसावी म्हणून. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असा सूर. मारीझ हसली नाही. तिने काटा खाली ठेवला आणि रश्शावर जमत चाललेल्या सायीकडे पाहत म्हणाली, "त्या बॅगेच्या कडीला तेल घातलं होतंस तू."

एकोणीस वर्षांत त्या बॅगेचं नाव घरात निघालं नव्हतं. नामुरचा एक गायकवृंद चालवणारा माणूस, हडकुळा, हसरा. मारीझ त्याच्याकडे गायला जायची आणि एका वसंतात ती म्हणाली की मी त्याच्याकडे राहायला जाते. आर्मां म्हणाला होता, तुला योग्य वाटेल ते. तो माळ्यावर चढला आणि त्याने तपकिरी बॅग काढून दिली. तिची कडी गंजली होती, म्हणून क्लिनिकमधल्या यंत्राचं बारीक नळीतलं तेल आणून त्याने तिच्यात दोन थेंब सोडले, आणि ती चारदा उघडझाप करून पाहिली. आपल्या सज्जनपणाचा त्याला त्या वेळी केवढा आधार वाटला होता. बाराव्या दिवशी मारीझ परत आली. कडी अजिबात न वाजता उघडली. दोघांनी तोंडात गुळणी धरली ती धरलीच, आणि वर्षं गेली, बरी गेली, कधी कधी फार छानही गेली.

"मी जिन्यात थांबले होते," मारीझ म्हणाली. "तू बॅग घेऊन पुढे होतास. मी तीन पायऱ्या वर तशीच उभी राहिले. म्हटलं, आता हा वळेल आणि म्हणेल, नको जाऊस. तू वळलास. आणि म्हणालास, जपून हं, ती पायरी सैल आहे."

त्याला ते आठवत नव्हतं. पायरी आठवत होती.

"मला वाटलं, तुला अडवणं म्हणजे…" तो म्हणाला.

"तू बाजूला होतोस, आर्मां, आणि समोरच्याला वाटतं रस्ता मोकळा आहे. तसा तो नसतो." तिने काटा उचलला. "जेव. गार होतंय."

तो जेवला. पुढचे दोन दिवस तो सगळं नेहमीसारखं करत राहिला, आणि नेहमीचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ झालं. पेशंट यायचे, तोंड उघडायचे, जायचे. पुलावरून चालताना समोरून कुणी आलं की तो अंग चोरायला लागायचा आणि मधेच थांबायचा, मग समोरचाही थांबायचा, आणि दोन परकी माणसं पुलाच्या मध्यावर एकमेकांसमोर उभी राहायची. पोर्तिमाओ त्याला दिसत राहिलं: चढ-उतारांचा तो रस्ता, पलीकडे समुद्राचा उजेड, उतारावर पोटात उठणारी ती पोकळी. एकदाच, शेवटचं. तो स्वतःशी हिशेबीपणे बोलायला लागला. घोटा तर मोडलेलाच आहे, पत्राने तो जुळणार आहे का? पाऊण मीटर ते काय, एवढं तर वाऱ्यानेही होतं. मग त्याला भलतंच सुचलं, आणि ते सुचताच त्याला इतकं हलकं वाटलं की तो शिट्टी वाजवायला लागला: आपण योरिटला भेटायचं. आपण होऊन कबूल करायचं. माणूस चांगला असेल तर म्हणेल, झालं गेलं, डॉक्टर, तुम्ही सांगितलंत हेच खूप झालं, जा, शेवटची शर्यत करून या. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आर्मां बुधवारी दुपारी क्लिनिक बंद करून मास्त्रिख्तला निघाला तेव्हा तो माफीची भीकच मागायला निघाला होता, आणि ते त्याला अर्धवट ठाऊकही होतं.

अर्ध्या तासाचा तर रस्ता. योरिटचं घर विटांचं, अरुंद, दोन घरांमध्ये दाबून बसवलेलं. दार उघडंच होतं. आतून आवाज आला की या, मला उठता येत नाही. स्वयंपाकघरात तो पाय स्टुलावर ठेवून बसला होता. घोट्यातून लोखंडी सळ्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना कुणीतरी बाटल्यांची बुचं लावून ठेवली होती. टेबलावर जर्दाळूचा फ्लाय होता, फळं घालून भाजलेला तिकडचा टार्ट, अर्धा संपलेला. योरिटने सुरी त्याच्याकडे सरकवली आणि कॉफी तुम्हीच ओतून घ्या म्हणाला. आर्मांने दोघांसाठी ओतली. त्याने तुकडा कापला, तो खाल्ला नाही. मागच्या अंगणात कपडे वाळत होते, उन्हाचा एक चौकोन जमिनीवरून सरकत होता, आणि क्षणभर आर्मांला वाटलं की आपण इथे खूप वर्षांपूर्वी येऊन गेलोय आणि बोलूनही झालंय.

"मी सरकलो होतो," तो म्हणाला. "डावीकडे. उजवी बाजू चांगली होती, ती तुला मिळावी म्हणून."

"माहीत आहे मला," योरिट म्हणाला.

आर्मांला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. पण योरिट शांतपणे सांगत होता, पुढ्यातला साखरेचा डबा फिरवत. वेगवान गाड्या चालवणाऱ्यांकडे एक यादी असते, डॉक्टर. मोसमाच्या सुरुवातीला मिळते. खालच्या वर्गातला कोण कसा चालवतो, कोण अडवतो, कोण घाबरतो, कोणाला आरशाची सवय नाही.

"तुमच्या नावापुढे दोन शब्द आहेत. सज्जन. सांभाळून."

"सज्जन म्हणजे?"

"म्हणजे काय करेल सांगता येत नाही." योरिटने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर द्वेष नव्हता, फक्त दुखण्याने आलेला पिवळेपणा होता. "अडवणारा परवडतो. तो अडवणार हे ठाऊक असतं. त्या दिवशी मी यादी विसरलो. डावीकडे रस्ता रिकामा दिसला, म्हणून गेलो."

"पण तुम्ही लोक हात वर करायचात," आर्मां म्हणाला. त्याला बोलायचं नव्हतं. ते निघून गेलं.

"हो," योरिट म्हणाला. "सुटलो म्हणून."

कुणीतरी शेजारच्या घरात पेटीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं. आर्मां ऐकत राहिला. अकरा वर्षांचे हात एकामागून एक वर होत होते, बार्सिलोनाच्या धुळीत, ल कास्तेलेच्या पट्ट्यांवर, आणि त्यांतला एकही त्याच्यासाठी नव्हता. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आला तो राग, आणि तो कुणावर धरावा हे कळेना. तो अजून वाट पाहत होता. आता योरिट म्हणेल, जाऊ द्या. आर्मांने मुद्दाम सांगितलं की शुक्रवारपर्यंत लेखी दिलं तर तुझी जागा वाचेल, आणि दिलं तर माझी पोर्तिमाओची शर्यत जाईल, ती माझी शेवटची होती. एवढं बोलून तो थांबला, भिडस्त माणसं थांबतात तसा, समोरच्याने नको म्हणावं म्हणून जागा ठेवून.

योरिटने मागे वाकून, ओठ दाबून, कपाटावरची वही आणि पेन काढलं. त्या हालचालीने त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने वही फ्लायच्या ताटलीशेजारी ठेवली.

"लिहा," तो म्हणाला.

आर्मांने चष्मा लावला. त्याचं अक्षर डॉक्टरांच्या मानाने चांगलं होतं. तारीख घातली, शर्यतीचं नाव घातलं, आणि मग लिहिलं: ब्लांशिमोंच्या आधी सुमारे दोनशे मीटरवर, मागून येणाऱ्या अधिक वेगवान गाडीची सोय व्हावी या हेतूने, मी… योरिट उलट्या बाजूने वाचत होता.

"हेतू कशाला?"

"कारण ते खरं आहे. तू काय समजतोस, मी मुद्दाम…"

"खरं असेल. पण ते तुमच्याबद्दल आहे. मला जे हवंय ते गाडीबद्दल."

आर्मांने पेन उचललं नाही. हा माणूस आपल्याजवळचं शेवटचं काहीतरी मागतोय असं त्याला वाटलं. परवाना देता येईल. पोर्तिमाओ देता येईल, समुद्रासकट. पण ती अर्धी ओळ? ती गेली तर कागदावर कोण राहतो? एक म्हातारा, आरशात दिवे पाहून आडवा येणारा. त्याला मारीझ दिसली, जिन्यात, तीन पायऱ्या वर उभी, आणि स्वतःची पाठ दिसली, बॅग घेऊन चाललेली, सज्जन. उन्हाचा चौकोन टेबलाच्या पायापर्यंत आला होता. योरिट घाई करत नव्हता, मदतही करत नव्हता, फक्त समोर बसला होता, आणि आपण लिहिल्याशिवाय हा इथून हलणार नाही हे आर्मांला समजलं. त्याने पान फाडलं. नव्या पानावर पुन्हा तारीख घातली, शर्यतीचं नाव घातलं, आणि लिहिलं: ब्लांशिमोंच्या आधी दोनशे मीटरवर मी लाइन सोडून डावीकडे सरकलो. पूर्णविराम दिला. हात पुढे जात होता, काहीतरी जोडायला; त्याने तो थांबवला. त्याने वाक्य पुन्हा वाचलं. त्यात त्याच्याबद्दल चांगलं असं काहीच नव्हतं. त्याने खाली सही केली.